माजी सैनिकांना आधी घर हवे

महोदय,

देशासाठी लढून आलेल्या माणसाने पदपथावर झोपावे, हे अमेरिकेसारख्या संपन्न देशाला शोभणारे नाही. तथापि तेथील बेघर माजी सैनिकांची संख्या २०१० मधील सुमारे ७४ हजारांवरून २०२४ मध्ये ३३ हजारांच्या आत आली, हेही मान्य करायला हवे. व्यसन सुटण्याची किंवा नोकरी लागण्याची अट न घालता आधी घर द्यायचे, त्या सैनिकाकडून उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के एवढेच भाडे घेऊन उरलेले सरकारने भरायचे आणि उपचारांसाठी समाजसेवक पाठीशी ठेवायचा, या पद्धतीचा त्यात मोठा वाटा आहे.

लॉस एंजलिसचे उदाहरण मात्र संताप आणणारे आहे. अपंग सैनिकांच्या निवासासाठी १८८८ मध्ये दान मिळालेल्या जमिनीवर विद्यापीठाचे बेसबॉल मैदान आणि एका खासगी शाळेचे क्रीडासंकुल उभे राहिले, अन् ज्यांच्यासाठी ती होती ते कुंपणाबाहेर तंबू ठोकून राहिले! अखेर २०२४ मध्ये न्यायालयाला कान उपटावे लागले. त्यावर कडी म्हणजे अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात धरल्यामुळे अधिक जखमी झालेला सैनिकच घरासाठी अपात्र ठरत असे. हा नियमही त्याच वर्षी बदलला.

आपल्याकडे बरेच जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात आणि सरकारी निवासस्थानही सुटते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी निवृत्तीच्या आदेशाबरोबरच, ‘राहणार कोठे?’ ही विचारपूस सुरू करावी.

– एक वाचक, सातारा