जुन्या नोंदींचा शोध भावकीचा, अर्ज मात्र एकेकट्याचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जातीच्या दाखल्यासाठी लागणारी जुनी नोंद शोधण्याचे काम आज गावोगाव सबंध भावकी मिळून करते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेल्यापासून मराठवाड्यात कुणबी नोंदींच्या शोधाला वेग आला हे खरे. पण गरज त्याहून जुनी आणि सर्वांचीच आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो आणि तो देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच आहे. आरक्षणाच्या वादात मला या पत्रातून शिरायचे नाही. हा शोध लोक एकत्र कसा घेतात, त्यात कुठे अडतात आणि प्रशासनाला त्यात काय करता येईल, एवढ्यापुरतेच मी लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक आहे. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहायला येणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली. एकाच भावकीतला एक जण सोमवारी येऊन सगळी पाने चाळून जातो आणि पुढच्या आठवड्यात त्याचाच चुलतभाऊ तेच रजिस्टर मागायला येतो, कारण पहिल्याने 'काही सापडले नाही' हे कोणाला कळवलेलेच नसते. सापडलेल्या नोंदीचा फोटो क्षणात सगळीकडे जातो. न सापडल्याची बातमी मात्र कोणीच देत नाही. वास्तविक कोणत्या गावचे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, कोणते रजिस्टर पाहून झाले, ही माहिती सापडलेल्या नोंदीइतकीच मोलाची आहे, कारण तिच्यामुळे पुढच्या माणसाची तालुक्याची खेप आणि बुडणारी मजुरी वाचते.

जो फोटो भावकीच्या मोबाइलवरच्या गटावर येतो, तोही पुष्कळदा निरुपयोगी असतो. नाव आणि जात एवढ्याच दोन ओळी मोठ्या करून टिपलेल्या असतात. रजिस्टरचे नाव, साल, पान क्रमांक आणि स्तंभांची शीर्षके कापली गेलेली असतात. अशा फोटोवरून अभिलेख कक्षात प्रमाणित नक्कल मागायची कशी? गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे लोक जिला कोतवाल बुक म्हणतात त्या गाव नमुना चौदामध्ये, अनेकदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहिलेले असते. आडनावाचाही पत्ता नसतो, 'अमुक वल्द तमुक' किंवा 'बिन तमुक' (म्हणजे तमुकचा मुलगा) एवढ्यावर भागवलेले असते. म्हणून भोवतालच्या तपशिलाशिवाय नुसत्या नावाच्या ओळीला काही अर्थ राहत नाही. एका गावात एकाच नावाचे तीन बाप निघणे ही अपवादाची गोष्ट नाही, आणि दुसऱ्याच्या आजोबाची नोंद आपली समजून घातलेला अर्ज जात पडताळणी समितीपुढे टिकत नाही.

इथे ज्यांची सर्वांत जास्त मदत होऊ शकते, त्यांनाच या गटांत जागा नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भावकीचे गट पुरुषांचे असतात. सासरी गेलेल्या आत्या त्यांत नसतात. पण घरात ज्यांना 'तात्या' म्हणत त्यांचे कागदावरचे नाव काय होते, पणजोबांचे मूळ गाव कोणते, वाटणी कधी झाली, कोणाला मूलबाळ नव्हते, हे सगळे त्याच धडपणे सांगू शकतात. वंशावळीत अडलेले नाव सत्तरी ओलांडलेल्या आत्याने फोनवर चटकन सांगितल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. तिला आधी विचारले असते, तर कित्येकांचे हेलपाटे टळले असते.

उरलेल्या अडचणी कोणत्याही भावकीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातले व कोकणातले जुने दप्तर मोडी लिपीत आहे, तर मराठवाड्यातले निजामकालीन पुष्कळसे उर्दूत व फारसीत. वाचणारा माणूस गावात नसतो आणि बाहेर त्याचे दर ऐकून गरीब माणूस माघारी फिरतो. त्यात जिल्हे फुटलेले आहेत. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आजच्या तालुक्याला न मिळणारा कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी पडून असू शकतो. हे अर्जदाराला खिडकीवर कोणी सांगत नाही.

शिंदे समितीच्या कामानंतर सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. आता तीन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक तहसील कार्यालयाने गाववार यादी लावावी आणि तीत कोणत्या सालांची कोणती दप्तरे उपलब्ध आहेत, कोणती गहाळ वा जीर्ण आहेत आणि कोणती तपासून झाली, हे स्पष्ट लिहावे. काही न सापडलेली दप्तरेही त्या यादीत असावीत. आठवड्यातून निदान एक दिवस मोडी व उर्दू वाचणारा जाणकार सरकारी खर्चाने तालुक्याला बसवावा. तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. एकाच वंशावळीतल्या लोकांना शोधासाठी एकच सामाईक अर्ज करता यावा. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे जात वैधता प्रमाणपत्र पडताळणीत महत्त्वाचा पुरावा मानले जाते, तर मग त्या सगळ्यांनी एकाच पानाच्या नकलेसाठी वेगवेगळे अर्ज करून वेगवेगळ्या तारखा का घ्याव्यात?

भावक्यांनाही एक विनंती आहे. गटावर फोटो टाकताना आधी रजिस्टरच्या मुखपृष्ठाचा, मग पूर्ण पानाचा आणि शेवटी नोंदीचा, असे तीन फोटो टाका. आणि काही सापडले नाही, तर तेही गाव, साल आणि तारखेसह त्याच दिवशी लिहा.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. हिंगोली