शनिवारचं 'तुम्ही'

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू बाटली पुढे करून म्हणालास, "तुम्ही पाणी घेणार का?" नऊ वर्षांत मला लोकांनी बरंच ऐकवलं, पण हे 'तुम्ही' जास्त लागलं. बाबांना 'अहो' म्हणतात, आईला कोण म्हणतं? तरी बदल म्हणून सांगत नाही. पाचव्या वर्षी सोडून गेलेल्या बाईला चौदाव्या वर्षी एकदम 'तू' कसं म्हणणार!

कोर्टाच्या आदेशात काय आहे ते मात्र माझ्याकडून ऐक. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी कोर्टातल्याच खोलीत दोन तास भेट (दुसऱ्या-चौथ्याला कोर्टच बंद), बुधवारी व्हिडिओ कॉल. तुझा ताबा बाबांकडेच. तो मी मागितलाच नव्हता.

वकीलबाई मागा म्हणत होत्या. त्यांच्याकडे सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल होता. पावणेदोन वर्षांची असल्यापासून बापाकडे वाढलेली मुलगी. तिला आईचा सहवास मिळालेलाच नाही, मग ती बापालाच पसंत करणार, असं म्हणून कोर्टाने तिला निदान वर्षभर आईकडे दिलं. वाचून मला हुरूप आला, खोटं कशाला सांगू. पण ती मुलगी लहान होती, आणि तिला आपल्यापासून हिरावलं असं तिच्या आईचं म्हणणं होतं. तुला कुणी हिरावलं नाही. मी ठेवून गेले. का, ते पत्रात नको. विचारशील तेव्हा सांगेन.

आपल्या कामाला आला तो सुप्रीम कोर्टाचाच 2020 चा निकाल. ताबा एकाकडे असला तरी मुलाला आईवडील दोघांच्या मायेचा हक्क आहे, भेटी आणि फोन चालू राहायला हवेत, असं त्यात आहे. नीट बघ, हक्क मुलाचा म्हटलाय. मी आजवर माझाच समजून भांडत होते.

न्यायाधीशांनी तुला चेंबरमध्ये नेलं तेही उगाच नाही. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घ्यायची सोय 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे. आत काय बोललास ते मी विचारणार नाही. जाताना शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आलास तेव्हा लावलेलं होतं, एवढंच मी पाहिलं.

एखाद्या शनिवारी मॅच असली, किंवा नुसतंच यावंसं वाटलं नाही, तर बाबांना सांग. मी कोर्टात तक्रार करणार नाही. (हे वाचलं तर वकीलबाई कपाळावर हात मारतील.)

बाकरवडीचा पुडा तू उघडला नाहीस, पण दप्तरात टाकलास. त्या खोलीतल्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बसला होतास आणि बाटलीच्या झाकणाने कॅरम खेळत होतास. राणी घेतलीस, कव्हर मात्र हुकलं.

तिसऱ्या शनिवारी स्ट्रायकर घेऊन येते.

आई