पिवळी टेप चिकटवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी बाबांनी उजव्या हाताच्या बोटाने बटण दाबलं आणि टीव्हीवरच्या गेममधल्या मुस्तफाने उडी मारली. अर्धांगवायूच्या झटक्यापासून तो हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहायचा. फिजिओथेरपीच्या मॅडम मऊ चेंडू दाबायला द्यायच्या, बाबा तो घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. परवा मात्र त्यांनी उडी मारली, मग पुन्हा मारली, आणि आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. हे तुमच्यामुळे झालं. ते तुमच्यापर्यंत पोचलंच पाहिजे, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घ्यायला जाणाऱ्या पुणेकरांपैकी तुम्हाला जे ओळखतात, ते चार ओळी वाचूनच ओळखतील.

त्या दिवशी गर्दीत सगळं सांगता आलं नव्हतं, ते आधी सांगते. बाबांचं साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेम पार्लर होतं. प्लायवूडची उभी मशीन, आत पिक्चर ट्यूब, खाली कॉइनचा डबा. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा कॅपकॉमचा १९९३ चा गेम तिथे सगळ्यात जास्त चालायचा. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, पिवळ्या टोपीवाल्या खेळाडूवरून सगळा गाव त्याला ‘मुस्तफा’ म्हणायचा. पुढे सायबर कॅफे आले, पोरं तिकडे वळली, आणि मशीन भंगारात गेली. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आजारपणात मात्र एकदा अचानक म्हणाले, “मुस्तफा खेळलो असतो आता.” तेवढ्या एका वाक्यासाठी मी ही खटपट सुरू केली.

खटपट म्हणजे काय, तर एका छोट्या बोर्डाच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनचं सोंग उभं करायचं. रास्पबेरी पायसारखा बोर्ड, त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय किंवा बॅटोसेरा हे सॉफ्टवेअर, पुढे काठी म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं. माहिती ढीगभर मिळते. बोर्ड कुठला घ्यायचा, इथे गाडी अडते.

तुमच्याकडे येण्याआधी मी शहरातल्या एका चकचकीत दुकानात गेले होते. तिथल्या माणसाने मला एकच गोष्ट विचारली, बजेट किती. मी सांगितलं. त्याने त्या आकड्याच्या थोडं वरचा बोर्ड काढला आणि आठ कोअर, आठ जीबी रॅम, “मॅडम, हा रास्पबेरीचा बाप आहे” असं म्हणत माझ्या हातात ठेवला. वडिलांसाठी हवाय, जुन्या टीव्हीला लावायचाय, हे मी दोनदा म्हणाले. त्याने मान हलवली. घरी आल्यावर कळलं की त्या बोर्डाला जुन्या टीव्हीला जोडायची सोयच नाही, आणि त्याच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीने दिलेल्या एका जुन्या लिनक्सपुरताच धड चालतो. गेम सुरू व्हायचा आणि चित्र झटके देत चालायचं. परत घेऊन गेले तर “बोर्डात काही दोष नाही, तुम्हाला सेटिंग जमत नाही” हे उत्तर. वर दुसऱ्या काउंटरवरच्याने विचारलं, या वयात त्यांना गेम कशाला? तो प्रश्न मला अजून टोचतो. माझे वडील चेंडू दाबत नाहीत, ते गेम खेळतील, म्हणून. पण त्याला उत्तर नकोच होतं.

मग तुमच्याकडे आले. तेव्हा मी जवळजवळ भांडायच्या तयारीत होते, तुमच्या लक्षात आलंही असेल. तुम्ही बोर्डाचं नावच काढलं नाहीत. विचारलंत, “खेळणार कोण?” मग, “कुठला गेम?” मग, “टीव्ही कुठला, मागे पिवळं-पांढरं-लाल भोक आहे का?” मी सगळं सांगत गेले. हाताचंही सांगितलं. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. “त्यांचा हात आधीच उशिरा हलतोय. मग मशीनने त्यात आपला उशीर मिसळायचा नाही.”

काका, इतके लोक भेटले, इतकं वाचलं, पण गिगाहर्ट्झच्या मागे न लागता खेळणाऱ्याच्या हातापासून सुरुवात करणारे तुम्ही एकटे निघालात. सपाट टीव्ही येणारं प्रत्येक चित्र आधी आत घेतो, ताणतो, घासूनपुसून मग दाखवतो. गेमचं एक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागाएवढं, आणि टीव्ही अशी काही चित्रं मागे राहतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. बाबांना जाणवलं असतं. बटण दाबलं, उडी उशिरा आली, म्हणजे आपलाच हात चुकला असं त्यांना वाटलं असतं आणि त्यांनी काठी बाजूला सारली असती. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तशी एकेक ओळ रंगवत जातो, थांबत नाही. आम्ही ज्याला घरातली अडगळ म्हणत होतो तोच बाबांच्या कामाचा होता. बोर्डाच्या एचडीएमआय सिग्नलचं जुन्या टीव्हीच्या त्या तीन भोकांत जाणारं एव्ही करून देणारी डबी लावू का, असं मी विचारलं, तर तुम्ही हातानेच नको म्हणालात. ती डबीसुद्धा मध्ये बसून उशीर करते.

इथून पुढे बोर्ड आपोआप ठरला. रास्पबेरी पाय ५ नको, कारण त्याला एव्हीचा जॅक नाही, बोर्डावरच्या ठिपक्यांना वायरी डकवाव्या लागतात, आणि पूर्ण जोराने चालवायचा तर पाच व्होल्ट पाच अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. पाय ४ चालेल, पण त्याचे पैसे द्यायचे ते निन्टेन्डो ६४ किंवा ड्रीमकास्ट अशा जास्त ताकद मागणाऱ्या मशीनचे गेम खेळणाऱ्याने. पाय झीरो २ डब्ल्यू सगळ्यात स्वस्त, ताकदही पुरेशी, पण त्यालाही टीव्हीसाठी सोल्डरिंग आलं आणि यूएसबीसाठी वेगळा हब, म्हणजे बाबांच्या टेबलावर वायरींचा गुंता. राहिला २०१८ चा पाय ३ बी प्लस. चार कोअर, १.४ गिगाहर्ट्झ, एक जीबी रॅम, चार यूएसबी, आणि हेडफोनच्या भोकातूनच चित्रही देणारा जॅक. मुस्तफाच्या मूळ मशीनमध्ये मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर होता, वेग दहा-बारा मेगाहर्ट्झच्या घरातला. त्याचं, त्याच्या आवाजाच्या चिपचं आणि चित्रांच्या चिपांचं काम सेकंदाला साठ वेळा एकमेकांशी जुळवून वठवायचं तर मूळ मशीनच्या कितीतरी पट ताकद लागते. पण ती या बोर्डात भरपूर आहे. मी जास्त पैसे घेऊन आले होते आणि तुम्ही मला कमी पैशांचा बोर्ड दिलात. नोटा मोजून उरलेल्या परत देताना म्हणालात, “याची फळं आणा त्यांना.”

ॲडॉप्टर वेगळा घ्यायला लावलात, अडीच अँपिअरचा, जाड वायरीचा. त्या वेळी मला ते उगाच वाटलं होतं, घरात मोबाईलचे चार्जर पडलेले होतेच. पण बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण येते आणि बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो, हे तुम्ही समजावलंत. शिवाय लाइट जाण्याचं. खेळ चालू असताना लाइट गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून सगळं नीट चालायला लागलं की कार्डावर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय करून टाका, हेही तुम्हीच सांगितलंत. साताऱ्यात त्यानंतर लाइट गेली आहे आणि कार्ड ठीक आहे.

बटणं दोनच दिलीत. मी सहा मागितली होती, दुकानांतल्या तयार पेट्यांवर असतात तशी. तुम्ही म्हणालात, मुस्तफाला मारायचं एक आणि उडीचं एक, बाकीची त्यांना नुसती घाबरवतील. तीस मिलिमीटरची, हलक्या दाबाची बटणं तुम्ही डब्यातून एकेक दाबून बघून निवडलीत.

आणि आता ते, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे.

एव्हीची वायर. एका टोकाला बारीक जॅक, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना. पायच्या जॅकवर टोकापासून पहिले दोन भाग आवाजाचे, तिसरा ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची समाईक परतीची वाट, आणि सगळ्यात मागचा चित्राचा. बाजारात मिळणाऱ्या वायरी हा क्रम पाळतातच असं नाही, कॅमकॉर्डरच्या वायरींचा वेगळा, डीव्हीडी प्लेअरच्या वायरींचा वेगळा. ग्राउंड चुकला की चित्र येतच नाही. तुम्ही मल्टिमीटर काढलात. मागे चार माणसं उभी होती, एकाला कपॅसिटर हवे होते, एक मुलगा प्रोजेक्टसाठी रिले मागत होता. तुम्ही त्यांना “दोन मिनिटं थांबा रे” म्हणालात आणि वायरी तपासत बसलात. दोन बाजूला टाकल्यात. तिसरीचा ग्राउंड जागेवर होता, पण तिच्यात चित्र लाल पिनेतून येत होतं. मी म्हटलं, चालेल, मी लक्षात ठेवीन. तुम्ही ड्रॉवरमधून पिवळी इन्सुलेशन टेप काढलीत, लहानसा तुकडा कापलात आणि लाल पिनेभोवती गुंडाळलात. मूळच्या पिवळ्या पिनेला लाल. म्हणालात, “तुम्ही पुण्याला असणार. वायर निघाली तर लावणार ते किंवा तुमच्या आई. पिवळं पिवळ्यात गेलं पाहिजे.”

माझ्या आईला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. माझ्या तोंडून तिचा उल्लेखही एकदाच आला असेल. साताऱ्यातल्या आमच्या घरात, मी तिथे नसताना, एखाद्या दुपारी वायर निसटेल आणि आई टीव्हीच्या मागे वाकून गोंधळेल, हे तुमच्या डोळ्यांपुढे आलं. मी पोटची मुलगी, माझ्याही डोळ्यांपुढे ते आलं नव्हतं. त्या टेपचे पैसे तुम्ही लावले नाहीत. वायर त्यानंतर खरंच एकदा निघाली, झाडताना. आईने ती लावली आणि मला फोनवर सांगितलंसुद्धा नाही, कारण तिच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. मला हे बाबांकडून कळलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

टीव्हीच्या मेनूत एनटीएससी, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांची पद्धत, आहे का ते बघा, असंही तुम्ही जाता जाता सांगितलंत. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला पन्नासची आणि हा गेम जवळजवळ साठचा, त्यामुळे पन्नासवर तो अडखळतो. आमच्या टीव्हीत होतं. साठवर लावल्यावर चित्र हललं आणि बाबा म्हणाले, “आता बरोबर पळतोय.” पार्लर बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या डोळ्यांत तो वेग होता.

बाबांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. ते बोलताना अजून अडखळतात, पण म्हणाले, “धंदा असाच करायचा असतो.” पार्लरमध्ये शाळेच्या गणवेशातल्या मुलाला ते आत घेत नसत. समोरच्या पार्लरवाल्याचा गल्ला त्या मुलांवरच भरायचा, तरी घेत नसत. गावाकडून आलेलं, खिशात एकच रुपया असलेलं पोर असेल तर त्याला आधी कुठे उभं राहायचं, कुणाला मारायचं ते दाखवायचे आणि मगच कॉइन टाकू द्यायचे. मी लहान होते, मला वाटायचं सगळेच दुकानदार असे असतात. नसतात. पण अजून आहेत. “ताई, इथून चालत पाच मिनिटं आहे, रिक्षा कशाला” असं म्हणणारा रिक्षावाला आहे. “आधी डॉक्टरांना विचारा, मग देतो” म्हणणारा मेडिकलवाला आहे. हे लोक आपलं गिऱ्हाईक त्या क्षणी सोडून देतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्या चकचकीत दुकानातल्या माणसाचा मला अजून राग आहे, तो लपवत नाही. त्याला बोर्डांची माहिती तुमच्याइतकीच असेल, कदाचित जास्तही असेल. त्याने फक्त विचारलं नाही, की खेळणार कोण.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी परवा मशीन पाहिलं. आता चेंडूऐवजी रोज अर्धा तास हेच करा म्हणाल्या, बोटं मध्ये मध्ये सैल सोडायची या अटीवर. बाबा अट पाळत नाहीत. पहिल्या स्टेजच्या शेवटी अडकतात, पुन्हा सुरू करतात. काल शेजारचा नववीतला मुलगा येऊन बसला आणि आता बाबांना जोडीने खेळायचं आहे.

तेव्हा काका, मी येत्या शनिवारी येतेय. एक काठी, दोन बटणं आणि ती बोर्डाला जोडणारा यूएसबी एन्कोडर बाजूला काढून ठेवा. बटणं लाल हवीत. बाबांनी मुद्दाम सांगितलंय, पार्लरमध्ये दुसऱ्या खेळाडूची लालच होती.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याच्या पार्लरवाल्यांची मुलगी