फोटोखाली बाईंचं पूर्ण नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीवर काही छापून आलं की फोटो ठरलेले असतात, मार्टिन ल्यूथर किंग नाहीतर बसमध्ये बसलेल्या रोझा पार्क्स. ते हवेतच, पण एकदा मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारे वर्ग उभे करणाऱ्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचा फोटो छापा आणि मोठा छापा ही कळकळीची विनंती.

मी जन्मभर झेडपीच्या शाळेत शिकवलं म्हणून असेल, पण आयडा बर्मन या बाईंनी साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर काढलेले त्यांच्या अशा वर्गाचे फोटो बघितले तेव्हापासून डोळ्यासमोरून जात नाहीत. मोठी मोठी माणसं, शेतात राबलेले हात, आणि त्या हातात पेन्सिल. 1957 च्या जानेवारीत हा वर्ग सुरू झाला तो किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, पुढे दुकान ठेवलं म्हणजे गोऱ्यांना संशय यायला नको, आणि शिकवायला कोण तर बर्निस रॉबिन्सन, केस करून देणाऱ्या, कारण सेप्टिमाबाईंना मुद्दामच नेहमीची शिक्षिका नको होती, मोठ्यांना पोरांसारखं शिकवलं तर ती उद्या येणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. लोकांना काय हवं होतं, तर स्वतःचं नाव लिहायला, मनीऑर्डर भरायला आणि मतदार नोंदणीसाठी वाचून दाखवावा लागे तो राज्यघटनेचा उतारा वाचायला. त्याआधी अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाईंनी उतारा चक्क पाठ करून नोंदणी मिळवली होती, तरी त्यांना वाचायला शिकायचंच होतं!

आणि हे वर्ग उभे करणाऱ्या बाईंचं काय झालं होतं? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व सोडत नाही म्हणून वर्गाच्या आदल्याच वर्षी, 1956 मध्ये, सेप्टिमाबाईंची नोकरी गेली, चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, पेन्शनसुद्धा गेली. ती मिळायला 1976 उजाडलं. माझी पेन्शन एक महिना लेट झाली तरी जीव कासावीस होतो हो.

ब्रायन लँकर या फोटोग्राफरने पुढे 75 कृष्णवर्णीय स्त्रियांचे फोटो काढले, 1989 ला त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या कव्हरवर सेप्टिमाबाईच आहेत, म्हाताऱ्या, बाजूने टिपलेला चेहरा, नाण्यावर राजाचा असतो ना तसा. पुस्तक बघायला त्या नव्हत्या, 1987 मध्येच गेल्या. पण शाळामास्तरणीला असा मान दिलेला फोटो मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. आमच्या शाळेच्या ग्रुप फोटोत बाई कडेला उभ्या असतात आणि खाली नाव फक्त प्रमुख पाहुण्यांचं.

जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, म्हणजे ही माणसं आपल्याला परकी नाहीत.

तेव्हा 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या पानावर जागा काढा, आणि फोटोखाली नुसतं 'एक शिक्षिका' नको. सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क, जन्म 1898, चार्ल्सटन, असं पूर्ण द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका