आधी काटा, मग क्लच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या बुधगावच्या मळ्यातील जुन्या गोठ्यात माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र गेले सात महिने एक ट्रक बांधत आहेत. हा ट्रक माल वाहण्यासाठी नाही. सुटताक्षणी पुढची दोन्ही चाके हवेत उचलून केवळ मागच्या चाकांवर धावावा, एवढ्यासाठीच तो बांधला जात आहे. हे कळल्यापासून भावकीत आणि गावात या मुलांबद्दल जे बोलले जाते, त्यात दोन आक्षेप वारंवार येतात. पहिला, हे परदेशी श्रीमंतांचे खूळ आहे; दुसरा, हा जिवावरचा खेळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा शिल्पनिदेशक म्हणून मी अनेक वर्षे काम केले असल्याने या दोन्ही आक्षेपांवर जाहीरपणे चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

या वाहनांचा उगम अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत आहे, हे खरे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कोण आधी पार करतो, एवढीच ती शर्यत. १९६४ च्या सुमारास डॉज कंपनीच्या ए-१०० या छोट्या, चपट्या तोंडाच्या पिकअपमध्ये काही तंत्रज्ञांनी ४२६ घनइंची, म्हणजे सुमारे ७ लिटरचे, हेमी इंजिन बसवले. मूळ गाडीत दोन आसनांच्या मध्ये असणारे इंजिन त्यांनी केबिनच्या मागे नेऊन मागच्या अॅक्सलच्या लगत पुढे ठेवले. हेतू वेगाचा होता. प्रत्यक्षात चाचणीच्या वेळी ट्रकने पुढची चाके उचलली आणि तो घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहिला. शर्यतीच्या दृष्टीने हे नुकसानच, कारण गाडी पुढे ढकलण्यासाठी जी ताकद लागते तिचा वाटा तोंड उचलण्यात जातो आणि हवेतल्या चाकांनी दिशा राखता येत नाही. पण प्रेक्षकांनी त्या चुकीवरच जीव टाकला. पुढे ‘लिटल रेड वॅगन’ या नावाने तो ट्रक प्रसिद्ध झाला आणि बिल गोल्डन या चालकाने कित्येक वर्षे गावोगावी त्याचे प्रयोग केले. अशा वाहनाला तिकडे ‘व्हीलस्टँडर’ म्हणतात. एक बारीकशी गोष्ट मला मौजेची वाटते: त्या डॉजच्या दोन अॅक्सलमधले अंतर ९० इंच होते आणि आमच्या गोठ्यातला सांगाडा ज्या एमएम ५४० जीपचा आहे, तिचे हे अंतर ९१ इंच आहे.

तेव्हा खूळ परदेशी असले, तरी त्यामागचे शास्त्र आपल्या शिवारात दर हंगामात दिसते. उसाच्या दोन भरलेल्या ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर चढावर तोंड उचलतो, हे सांगली-सातारा पट्ट्यातील लहान पोरालाही ठाऊक आहे. पुढे वजने लटकवून आपण त्याला जमिनीवर दाबून ठेवतो. काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर काढताना साखळी हुकाला न बांधता अॅक्सलच्या वरच्या अंगाला बांधली आणि क्लच झटक्यात सोडला, तर ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. आमच्या शेजारच्या मळ्यात असे घडले आणि तो चालक वाचला नाही. मागे उलटणारा ट्रॅक्टर सुमारे पाऊण सेकंदात अशा कोनापर्यंत पोहोचतो, की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग होत नाही. माणसाला धोका उमगून पाय हलवायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. म्हणून ‘जिवावरचा खेळ’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की या धोक्याचे उत्तर छातीच्या जोरावर नाही आणि बंदीतही नाही. ते वजनकाट्यावर मिळते.

गाडीचे पुढचे तोंड केव्हा उचलेल, हे दोन अंतरांवर ठरते: गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या किती पुढे आहे आणि तो जमिनीपासून किती उंच आहे. पहिल्या अंतराला दुसऱ्याने भागून जो आकडा येतो, गुरुत्वत्वरणाच्या तितक्या पट त्वरण गाडीला मिळाले, की पुढची चाके सुटतात. आणि टायरची पकड, म्हणजे स्वतःवरच्या भाराच्या किती पट जोर तो जमिनीवर लावू शकतो ते माप, त्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर इंजिन कितीही मोठे बसवा, मागची चाके जागेवर फिरून धूर काढतील, तोंड उचलणार नाही. इंजिन पुढे असलेल्या साध्या गाडीत हा आकडा दोनच्या वर सहज जातो आणि कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड ०.८ च्या आसपास असते. म्हणजे मोठे इंजिन आणण्याआधी आहे ते इंजिन मागे सरकवणे आणि वर उचलणे, हे खरे काम आहे. (आमच्या मुलांनी प्रथम एक जुनी मॅटाडोर आणायचे ठरवले होते. तिची पुढची चाके ओढणारी असतात. ती उचलली की ओढच संपली, म्हणून ती गाडी या कामाला जन्मात उपयोगी नाही, हे समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली.)

ही दोन अंतरे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. उसाच्या मोठ्या काट्यावर मुलांनी आधी ट्रक नेला होता. त्या काट्याबद्दल शेतकऱ्यांचे जे मत असते ते बाजूला ठेवले, तरी टनांच्या मापाला केलेला काटा दहा-वीस किलोंचा फरक दाखवतच नाही आणि आमचा सारा हिशेब तेवढ्यातच सामावलेला आहे. म्हणून सांगलीच्या हळद पेठेतील ओळखीच्या अडत्याकडून ५०० किलो क्षमतेचे चार सपाट काटे एका रविवारपुरते आणले आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. एकूण भार ९०० किलो, त्यापैकी पुढच्या दोन चाकांवर २४० किलो. अॅक्सलमधले अंतर २.३ मीटर धरले, तर गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या ६१ सें.मी. पुढे आला. उंची काढण्यासाठी स्प्रिंगच्या पाट्यांत लाकडी ठोकळे घट्ट बसवले, हँडब्रेक सोडला आणि चेन पुलीने पुढचा अॅक्सल ४५ सें.मी. उचलला. मागच्या काट्यांवरचा भार ३१ किलोंनी वाढला. त्यावरून गुरुत्वमध्याची उंची सुमारे ७५ सें.मी. निघाली. एकसष्टला पंचाहत्तरने भागले की ०.८१ येतात. म्हणजे आज आहे त्या स्थितीत हा ट्रक बहुधा धूर काढील आणि कदाचित तोंड हलवील. त्या ‘कदाचित’वर मी कोणाला आसनावर बसू देणार नाही.

ताकदीचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा बिकट नाही. ९०० किलोंच्या ट्रकला गुरुत्वत्वरणाच्या ०.८१ पट त्वरण द्यायचे, तर मागच्या टायरांनी सुमारे ७३० किलोंचा जोर जमिनीवर लावायला हवा. टायरची त्रिज्या ३५ सें.मी. आणि पहिला गिअर व डिफरन्शियल मिळून २० पट घट धरली, तर दाते-बेअरिंगमधील तूट जमेस धरूनही इंजिनाकडून १४५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ (टॉर्क) पुरतो. भंगारातील जुने डिझेल इंजिन नीट बांधले तर एवढे देऊ शकते. त्यामुळे ‘श्रीमंतांचे खूळ’ हा पहिला आक्षेप इथेच निकालात निघतो.

खरी काळजी पुढची चाके सुटल्यानंतरची आहे. तोंड वर जाऊ लागले, की गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकतो, म्हणून उचलायला लागली त्यापेक्षा कमी ताकदीत गाडी आणखी वर जात राहते. हा उतारावरचा प्रवास आहे आणि तो थांबवायला चालकाचा पाय पुरत नाही. त्यासाठी चासीला मागे दोन भक्कम दांड्या आणि त्यांच्या टोकांना छोटी लोखंडी चाके हवीत. दांडीचे चाक अॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि जमिनीपासून ३० सें.मी. वर ठेवले, तर ट्रक सुमारे १४ अंशांवर टेकतो आणि पुढची चाके ५५ सें.मी.च्या आसपास उचललेली राहतात. शिवाय दांडी टेकताच मागच्या टायरवरचा भार कमी होऊन पकड ढिली पडते, म्हणजे अतिरेक आपोआप आवरतो. अमेरिकेतील प्रसिद्ध गाड्या याहून कितीतरी उभ्या राहतात. आमच्या मुलांना त्यांचे चित्र भिंतीवर लावायला माझी परवानगी आहे, दांडी वर उचलायला नाही.

चाके हवेत असताना गाडी वळवायची कशी, याचेही उत्तर आपल्या ट्रॅक्टरमध्येच आहे. बांधाच्या कडेला ट्रॅक्टर वळवताना चालक ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा ब्रेक वेगळा दाबतो. व्हीलस्टँडरमध्येही मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र दांड्यांनी चालवतात. अशा गाडीच्या तोंडामुळे पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून ‘हेमी अंडर ग्लास’ नावाच्या प्लिमथ गाडीत चालकासमोर खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी केलेली होती. २०१६ साली तीच परंपरा चालवणारी एक गाडी बॉब रिगल हे मुरब्बी चालक चालवत असताना उलटली. शेजारी जे लेनो हे प्रसिद्ध कलाकार बसले होते. दोघेही धडधाकट बाहेर आले, ते नशिबाने नव्हे, आसनांभोवतीच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यामुळे.

या पिंजऱ्याबाबत आपल्याकडे फार ढिलाई आहे. पाण्याच्या जीआय नळाचे तुकडे जोडून ‘रोल केज’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या त्या नळाचे वेल्डिंग कच्चे राहते आणि धूर घशात जातो, हे वेगळेच. आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मि.मी. व्यासाची आणि २.५ मि.मी. जाडीची, किंवा ५० मि.मी. आणि २ मि.मी.ची, सीमलेस पोलादी नळी सांगितली आहे. घरी बांधणाऱ्याने याहून कमी काही वापरू नये. फ्लायव्हीलभोवती जाड पत्र्याचे कवच, प्रोपेलर शाफ्टखाली कडी, ऑइल संपमध्ये तेल मागे धावू नये म्हणून आडवे पत्रे, आणि तिरप्या डिझेल इंजिनाने ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) स्वतःचे तेल ओढून बेफाम होऊ नये म्हणून हवेची वाट एका ओढीत बंद करणारी झडप, ही कामे न करता चाचणी घेणे म्हणजे निव्वळ बेजबाबदारी आहे.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असे फेरफार वाहनात करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा हा ट्रक आमच्या गोठ्यातून स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर येणार नाही. ज्या सांगाड्याची नोंदणी रद्द झाली आहे तोच घ्यावा आणि दुसऱ्या वाहनावर लादून न्यावा. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते, परंतु ती मूळ स्वरूपातील गाड्यांना. म्हणून कोणाच्या परसात अशी धडधाकट, अस्सल जुनी गाडी उभी असेल, तर तिला गॅस कटर लावू नये, ही माझी हात जोडून विनंती. जुनेपण दिसण्यात हवे असेल, तर ते भंगारातल्या बॉनेट-केबिनने साधता येते.

राहिला जागेचा प्रश्न, आणि पत्राचे खरे कारण तेच आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप घरी बांधली, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. आनंद महिंद्रा यांनी त्याच वेळी नियमांमुळे ती रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हेही नमूद केले आणि २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो देण्यात आली. लोहार यांना बोलेरो मिळाली. पण त्यांच्यासारख्या इतरांना आपली गाडी कायदेशीरपणे चालवून पाहण्यासाठी जागा मात्र मिळाली नाही. किर्लोस्करवाडी आणि सातारचे कूपर यांचा वारसा सांगणाऱ्या या पट्ट्यात ही उणीव मला खटकते.

बैलगाडा शर्यतींचे उदाहरण समोर आहे. वर्षानुवर्षांच्या बंदीनंतर राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवला आणि आज जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, अटींसह शर्यती होतात. मोटारींसाठीही अटींसह एखादी जागा का असू नये? आमच्या ट्रकला पाव मैलही नको. शंभर मीटर सपाट काँक्रीट आणि पुढे थांबायला तेवढीच मोकळी जागा पुरे. साखर कारखान्यांचे ऊस वाहनतळ गळीत हंगाम संपल्यावर पावसाळ्यापर्यंत मोकळे असतात, त्यांना कुंपण असते, फाटक असते, अग्निशमनाची सोय असते. एखाद्या कारखान्याने उन्हाळ्यातील दोन दिवस असे आवार द्यावे, सांगलीचे वालचंद किंवा कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांतील प्राध्यापकांनी आधी प्रत्येक वाहनाची वेल्डिंगसह तपासणी करावी, नापास वाहन फाटकातूनच परत पाठवावे, आणि प्रेक्षकांना बाजूला नव्हे तर सुटण्याच्या रेषेच्या बऱ्याच मागे उभे करावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या पत्राने ती संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

तोवर गोठ्यातले काम चालू राहील. इंजिनाचे पाय कापून ते आणखी मागे सरकवायचे आहे आणि पुढच्या रविवारी हळद पेठेतले चारही काटे पुन्हा यायचे आहेत. पुढच्या चाकांखालचा आकडा दोनशेच्या खाली आल्याखेरीज आणि मागच्या दांड्या बसल्याखेरीज क्लचची केबल माझ्याच कपाटात राहणार आहे. पुतण्याने ती दोनदा मागून पाहिली आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
बुधगाव, ता. मिरज, जि. सांगली