केमोच्या काळात प्रोबायोटिकची पुडी जपून

महोदय,

‘प्रोबायोटिकने आतड्याचा कर्करोग बरा’ अशा अर्थाची बातमी अधूनमधून फिरते आणि नातेवाईक औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयुक्त अशा जिवंत जंतूंची, पुडी मागायला येतात. त्या बातमीतला जिवाणू दुकानात मिळतच नाही, हे वृत्तपत्रांनी ठळकपणे छापायला हवे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : ‘ई. कोलाय निस्ले १९१७’ या जिवाणूच्या जनुकांत बदल करून तो कर्करोगाच्या पेशीला चिकटेल आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) सोडेल, अशी सोय केली. ब्रोकोलीतल्या ग्लुकोसिनोलेटपासून हे विकर सल्फोराफेन तयार करते आणि त्याने ती पेशी मरते. प्रयोगशाळेतल्या ९५ टक्क्यांहून अधिक कर्कपेशी मेल्या, उंदरांमधल्या गाठींची संख्या ७५ टक्क्यांनी घटली. कल्पना फारच सुंदर आहे, पण हे निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहेत. शिवाय मूळ निस्ले जिवाणूत कोलिबॅक्टिन हे डीएनएला इजा करणारे द्रव्य बनवणारी जनुके असतात. त्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हा जिवाणू रुग्णाला देणे योग्य नाही.

आज प्रोबायोटिकचा उपयोग आहे तो केमोमुळे होणाऱ्या जुलाबांपुरता, आणि तोही मर्यादित. फिनलंडमध्ये ५-एफयू हे केमोचे औषध घेणाऱ्या १५० रुग्णांच्या चाचणीत (२००७) लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना तीव्र जुलाब झाले, न घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. यातले ‘जीजी’ महत्त्वाचे; ते जिवाणूच्या नेमक्या वाणाचे नाव आहे. पाकिटावर नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ असेल, तर या चाचणीचा आधार त्याला लागू होत नाही. पावडर गरम दूध-वरणात मिसळली, तर जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात.

खरा धोका वेगळाच आहे. बऱ्याच केमोंमध्ये डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा जिवंत जंतू आतड्यातून रक्तात शिरू शकतो. जुलाबावरच्या पुडीत मिळणारे सॅकरोमायसिस बुलार्डी हे तर जिवाणू नसून यीस्ट आहे. खाटेशेजारी पुडी फाडली की बारीक पावडर हवेत उडते, हाताला चिकटते आणि त्याच हाताने सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीला) स्पर्श झाला की थेट रक्तात जाते. शेजारच्या खाटेवरच्या, पुडी न घेणाऱ्या रुग्णालाही असा संसर्ग झाल्याची नोंद आहे. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये सेंट्रल लाइन असलेल्या, अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना हे यीस्ट देऊ नये, असे स्पष्ट केले. आपल्याकडे मात्र जुलाब म्हटले की काउंटरवरून हीच पुडी चिठ्ठीशिवाय हातात पडते.

दुसरी चूक वेळ दवडण्याची. कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या चालू असताना दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त शौचाला जावे लागले, किंवा रात्री उठावे लागले, तर पुडीच्या भरवशावर दोन दिवस काढू नयेत. पुढची गोळी थांबवून लगेच कर्करोगतज्ज्ञांना फोन करावा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर मध्यरात्रही असो, रुग्णालय गाठावे.

प्रोबायोटिक आधीच चालू असेल, तर रिकामे पाकीट टाकू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. त्यावरचे जंतूचे पूर्ण नाव त्यांना वाचता आले पाहिजे.

– एक औषधनिर्माता, नाशिक