टोकियो ते सातारा, चोवीस तासांच्या आत

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांना ॲडमिट केलं होतं हे मला दादाकडून कळलं, तेही डिस्चार्ज मिळून ते घरी आल्यावर. आई, तू म्हणालीस, "तू एवढी लांब, उगाच जिवाला घोर कशाला?" तुझी माया मला कळते गं. पण हे 'एवढी लांब' म्हणजे नक्की किती, ते आज मांडून सांगते.

टोकियो ते मुंबई हवाई अंतर साधारण ६,७०० किलोमीटर. बाबा, विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीनं निघाले, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत जपानला आले आणि १४ जुलैला योकोहामाहून पुढे अमेरिकेला गेले. वाटेत मुक्काम धरून दीड महिना. आईच्या मनात अजून तसलंच काहीतरी अंतर आहे, असं मला वाटतं.

आता माझा हिशोब. सकाळी आठला घर सोडलं की तासाभरात हानेदा विमानतळ. दुसरं विमानतळ नारिता, ते टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर पडतं, म्हणून मी हानेदाच धरते. दुपारच्या आत सुटणारं विमान नऊ-साडेनऊ तासांत दिल्लीला उतरतं. आपलं घड्याळ साडेतीन तास मागे, त्यामुळे तिथं तेव्हा संध्याकाळच असते. रात्रीच्या विमानानं पुणे. दादा लोहगावला गाडी घेऊन आला की खंबाटकी ओलांडून पहाटे तीन-चारला मी दारात. त्या दिवशीचं तिकीट मिळालं नाही तर बँकॉक किंवा सिंगापूरवरून मुंबई. थोडे तास जास्त जातील, पण पोचेन.

एक गोष्ट मात्र मला खरंच सलते. इकडे येताना दिल्लीपासून साडेसात-आठ तास पुरतात, घरी यायलाच जास्त लागतात. जपानवर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. इकडे येताना तो विमानाच्या पाठीशी असतो, तुमच्याकडे येताना तोंडावर. थंडीत तर फारच. तरी फरक दीड-दोन तासांचा, आई. तेवढ्यासाठी मला काही न कळवणं बरोबर नाही.

छोटूची काळजी करू नका. इथं टोकियोत, आमच्या निशी-कासाई भागात आपली माणसं भरपूर आहेत, शेजारच्या वहिनी त्याला हक्कानं ठेवून घेतील. ऑफिसचं मी बघते.

आणि रात्रीचं म्हणाल, तर साताऱ्यात दहा वाजले की इथं दीड वाजलेला असतो. "झोपली असेल, सकाळी बघू" असं करू नका. तुमच्या दोघांच्या नंबरांचा आवाज मी कधीच बंद ठेवत नाही. उठवा मला. दिल्लीचं विमान गाठायचं तर मला ते रात्रीच कळायला हवं. सकाळी साडेसातला तुमचा फोन आला, की इथं अकरा वाजलेले असतात आणि तो दिवस हातचा जातो.

बाबा, डिस्चार्ज कार्डाचे आणि सगळ्या रिपोर्टचे फोटो दादाला आजच पाठवायला सांगा. गोळ्या कुठल्या, किती वेळा, तेही. पुढच्या तपासणीची तारीख ठरली की आधी मला कळवा, म्हणजे त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकते.

तुमची,
ताई